उत्तर सांगायचं नाही

मुलगी भडकली तेव्हा पावणेअकरा वाजले होते. वेळ गणिताच्या बाईंच्या लक्षात राहिली, कारण रागावलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहणं त्यांना उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं. नजर आपोआप वर गेली, आणि वर, बास्केटच्या कडीमागे, व्यायामशाळेचं मोठं घड्याळ होतं. मुलगी असेल सतरा-अठरा वर्षांची. विद्यापीठाच्या प्रवेशमेळाव्यात तिचे वडील पलीकडे संगणकवाल्यांच्या रांगेत उभे होते, आणि रांग हलेपर्यंत ही गणिताच्या टेबलाशी आली होती, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत माणूस भिंतीवरचे तक्ते वाचत हिंडतो तशी. पण आली आणि अडकली. टेबलावर साबणाच्या पाण्याची बादली होती, आणि काचेसारख्या दोन पट्ट्यांमध्ये बसवलेल्या चार खुंट्या. "ही चार गावं," बाई म्हणाल्या, "कुठूनही कुठेही जाता आलं पाहिजे, आणि रस्ता एकूण कमीत कमी लागला पाहिजे. काढ बघू." मुलीने कागदावर आधी तीन बाजूंचा चौकोन काढला, मग खोडून फुली काढली, मग म्हणाली, "फुलीच." बाईंनी पट्टी बादलीत बुडवून तिच्या हातात दिली. साबणाचा पडदा थरथरला आणि स्थिर झाला. फुली नव्हतीच. मधे एक छोटा रस्ता आणि त्याच्या दोन्ही टोकांना दोन-दोन फाटे. "साबणाला कसं कळलं?" तिने विचारलं. "तुला काय वाटतं?" बाई म्हणाल्या. "म्हणजे साबण नेहमी बरोबरच असतो?" "तुला काय वाटतं?" "आणि गावं अशी चौकोनात नसली, लांबट असली तर?" "तुला काय वाटतं?" त्यावर मुलीने पट्टी टेबलावर ठेवली. आपटली नाही, पण अलगद ठेवलीही नाही. "सारखं काय हो ‘तुला काय वाटतं’? मला काहीतरी वाटतंय म्हणूनच तर विचारतेय ना! ज्याला काही वाटतच नाही तो कशाला विचारील? मला काय वाटतं ते मला ठाऊक आहे. तुम्हाला काय वाटतं ते सांगा की!" तेवढ्यात वडिलांनी लांबून हात केला, रांग हलली होती, आणि मुलगी ओली बोटं पँटीला पुसत निघून गेली.

"गेलं एक गिऱ्हाईक," क्लार्कबाई म्हणाल्या. विभागाच्या क्लार्कबाई टेबलाच्या टोकाला नोंदणीची वही घेऊन बसत. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, जीभ तिखट, आणि गणिताबद्दल त्यांना एवढंच म्हणायचं होतं, की ते ज्यांना येतं त्यांना दुसरं काही येत नाही. "मॅडम, रागावू नका, पण पोरगी खरं बोलली. तिकडे रसायनवाले धूर काढतायत, संगणकवाले पिशव्या वाटतायत, आणि आपण लोकांना उलटे प्रश्न विचारतोय. मेळाव्याला येतात ती माहिती घ्यायला, परीक्षा द्यायला नाही." बाई हसल्या. पट्टीवरून साबणाचं पाणी लाकडी जमिनीवर, खेळाच्या पांढऱ्या रेषेवर ठिबकत होतं. त्यांनी फडकं घेतलं आणि पुसायला खाली वाकल्या, आणि वाकल्यावर टेबलाच्या पोटाला चिकटवलेला तो पुठ्ठा दिसला, जो बाहेरून कोणाला दिसत नसे. टेबलाशी उभं राहणाऱ्यासाठी दोन नियम होते. हात मागे. उत्तर सांगायचं नाही. अक्षर मिस्त्रींचं होतं. शाई फिकी झाली होती, पण वळण जसंच्या तसं, काने खाली लांब ओढलेले. बाई फडकं धरून तशाच वाकलेल्या राहिल्या. मला काहीतरी वाटतंय म्हणूनच तर विचारतेय ना. वाक्य साधं होतं. एखादं साधं वाक्य आपण तीस वर्षं शिकवतो आणि एक दिवस मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, हे कशावरून, आणि हातातला खडू तसाच राहतो, तसं त्यांचं झालं. कमरेने कुरकुर केली तेव्हा कुठे त्या उठल्या.

मिस्त्री म्हणजे खरे मिस्त्री नव्हेत. ते भूमितीचे प्राध्यापक होते. पण सगळा विभाग त्यांना मिस्त्री म्हणायचा, कारण खिशात पेनापेक्षा सुतारी पेन्सिल जास्त वेळा असायची आणि बोटाला कायम एखादी चिकटपट्टी. चौदा वर्षं बाई आणि ते एका खोलीत बसले, पाठीला पाठ लावून. दोन टेबलं, दोन खुर्च्या, एक खिडकी, आणि खिडकी मिस्त्रींच्या बाजूला असल्यामुळे बाहेर काय चाललंय ते बाईंना त्यांच्या तोंडून कळायचं. "माळ्याने आज पाइप विसरलाय, बाई, रस्ता न्हातोय." "कुलगुरूंची गाडी आली, हो, पण कुलगुरू नाहीत." बाई न वळता म्हणायच्या, "असं का." चौदा वर्षांत त्यांनी किती वेळा ‘असं का’ म्हटलं असेल, आणि किती वेळा वळून बघितलं असेल? विभागाला मुलं मिळेनात म्हणून प्रवेशमेळाव्यात टेबल मांडायची कल्पना मिस्त्रींची. पहिल्या वर्षी त्यांनी खुंट्यांच्या पट्ट्या केल्या. दुसऱ्या वर्षी चौकोनी चाकांची गाडी, जी सपाट जमिनीवर ठेचकाळायची पण मिस्त्रींनी केलेल्या उंचवट्यांच्या रुळावरून लोण्यासारखी चालायची. मग खिळ्यांची उभी पाटी. वरून मणी सोडले की खिळ्यांवर आपटत, वाट चुकत, खाली मात्र दरवेळी तोच मधे उंच ढीग. बाईंचं काम होतं गणित तपासण्याचं. उंचवटा किती, चाक केवढं, खिळ्यांमधलं अंतर किती. मिस्त्री कापायचे आणि बाई मोजायच्या. रविवारी रिकाम्या विभागात करवतीचा आवाज घुमायचा, लाकडाचा भुसा बाईंच्या वह्यांत जायचा, आणि संध्याकाळी घरी आल्यावर आई म्हणायची, "आलीस का सुताराकडून? केस झटक आधी." आईला मिस्त्री हे टोपणनाव आहे हे कितीही वेळा सांगून पटलं नाही. किंवा पटलं होतं आणि ती मजा करत होती. आईचं काही सांगता यायचं नाही.

नियमही त्याच काळातले. पहिल्या मेळाव्यात बाईंनी हौसेने प्रत्येकाला सगळं समजावून सांगितलं होतं, आणि मुलं मान डोलावून, आभार मानून निघून गेली होती. घरी जाताना मिस्त्री म्हणाले, "बाई, आपण त्यांच्या ताटातलं आपणच जेवलो." दुसऱ्या वर्षी पुठ्ठा आला. हात मागे, कारण हात पुढे असले की ते मदत करतात. आणि उत्तर सांगायचं नाही. कोणी काहीही विचारलं तरी एकच म्हणायचं, तुला काय वाटतं? आश्चर्य म्हणजे ते चाललं. मुलं थांबायला लागली, भांडायला लागली, एका वर्षी दोघी बहिणी फुली की चौकोन यावरून एकमेकींशी दिवसभर बोलल्या नाहीत आणि पुढे दोघींनी प्रवेश घेतला. बाईंना तो नियम इतका आवडला, की तो टेबलाखाली राहिला नाही. वर्गात आला. घरी आला. भाऊ विचारायचा, ताई, ही नोकरी धरू का? भावजय विचारायची, ताई, ह्याला कुठल्या शाळेत घालू? बाई म्हणायच्या, तुला काय वाटतं? आणि त्यांना मनापासून वाटायचं की आपण समोरच्याचा मान राखतोय. भावजयीने नंतर विचारणं सोडून दिलं. बाईंना वाटलं, शहाणी झाली.

"मॅडम, गाडी अडकली," क्लार्कबाई म्हणाल्या. दोन मुलगे चौकोनी चाकांची गाडी उलटी लावून ढकलत होते. बाईंनी हात मागे घेतले, मग पुढे केले, गाडी सरळ करून दिली. साडेअकरा झाले होते. व्यायामशाळा भरत चालली होती. बुटांचा चीत्कार, ध्वनिक्षेपकावर हरवलेल्या छत्रीची घोषणा, रबरी गाद्यांचा आणि घामाचा जुना वास. एकोणीस वर्षांपूर्वीही हीच व्यायामशाळा होती. मेळावा संपला होता, टेबलं आवरायची होती, मिस्त्री बादली रिकामी करायला निघाले होते, आणि बादली हातात तशीच धरून त्यांनी सांगितलं, की लांबच्या एका विद्यापीठातून पत्र आलंय. मोठी जागा. स्वतःचा विभाग, स्वतःची कार्यशाळा. त्यांची आई आदल्या वर्षी गेल्यामुळे इथे त्यांना बांधून ठेवणारं कोणी उरलं नव्हतं. हे त्यांनी म्हटलं नाही, पण ते दोघांनाही ठाऊक होतं, आणि मधे एक बादली होती. मग त्यांनी विचारलं, "जाऊ का, बाई?" बाई खिळ्यांच्या पाटीतले मणी डब्यात भरत होत्या. त्यांनी मान वर केली. त्या हसल्यासुद्धा. आणि म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?" मिस्त्रीही हसले, छोटंसं, नाकातून. "बरं," म्हणाले, आणि पाणी ओतायला गेले. तेवढंच. दोन महिन्यांनी त्यांच्या खुर्चीवर एक तरुण सांख्यिकीवाला येऊन बसला, त्याने खिडकीला पडदा लावला, आणि बाहेर काय चाललंय ते बाईंना कळेनासं झालं.

त्या वेळी बाईंना दुःख झालं नव्हतं, असं म्हणणं खोटं होईल. झालं होतं, पण त्याला त्यांनी वेगळंच नाव ठेवलं होतं. त्यांना वाटलं, मिस्त्रींना जायचं होतं. जायचंच असणार, नाहीतर गेले कसे? माणसाने स्वतःच उत्तर शोधलं, ते त्याचं उत्तर, त्यात आपण ढवळाढवळ केली नाही. आईने त्या रविवारी विचारलं होतं, "तू त्याला थांब नाही म्हणालीस?" बाई म्हणाल्या, "मी कोण सांगणारी?" आई म्हणाली, "तेच तर तो विचारत होता, बये." बाईंनी ते कानाआड केलं. आईचं बोलणं असंच, टाकून बोलल्यासारखं. आता आई चौऱ्याऐंशीची, ऐकायला कमी येतं, आणि मिस्त्रींचा फोन आला की लांबूनच ओरडते, "सुताराला म्हणावं, माझ्या पलंगाचा पाय हलतो अजून!" फोन येतात. एकोणीस वर्षं येतायत, महिन्यातून एक, कधी दोन. त्यांची खोकल्याची तक्रार, बाईंच्या गुडघ्याची, नवी पोरं कशी वाचत नाहीत, जुनी पोरं कुठे-कुठे पोहोचली. मेळाव्याच्या आधी हटकून फोन यायचा, पडदा टिकावा म्हणून पाण्यात ग्लिसरीन घातलंत का, आदल्या दिवशी कालवून ठेवलंत का.

ह्या मंगळवारीही आला. ग्लिसरीन विचारून झालं, आईचा पलंग विचारून झाला. मग मिस्त्री म्हणाले, की ते ह्या महिन्यात निवृत्त होतायत, पण तिथले लोक सोडत नाहीत, आणखी तीन वर्षं राहा म्हणतायत. राहायचं असेल तर शनिवारी दोनच्या आत, ऑफिस बंद व्हायच्या आधी, कागदावर सही करायची. नाही केली तर तिथलं घर सोडावं लागेल. "आणि मग," मिस्त्री म्हणाले, आणि थांबले, "तुमच्या ग्रंथालयाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आहेत म्हणे. कोणाकडून तरी कळलं. उजेडाच्या आहेत." बाई पलंगाशी उभ्या होत्या, आईच्या गोळ्या हातात. "काय करू, बाई?" त्यांनी विचारलं. आणि बाईंच्या तोंडून, विचार न करता, शिंक यावी तसं आलं, "तुम्हाला काय वाटतं?" पलीकडून तेच छोटं नाकातलं हसू. "बरं," मिस्त्री म्हणाले. मग जरा वेळ बुटांबद्दल बोलणं झालं. त्यांना टाचेला मऊ असे बूट हवे होते.

आज शनिवार होता. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. बाराला पाच कमी. दोनला अजून दोन तास होते, दोन तास पाच मिनिटं. म्हणजे वेळ होता. मुलगी म्हणते ते खरं असेल, तर मिस्त्रींनी दोन्ही वेळा विचारलं होतं ते उत्तर शोधायला नव्हे, उत्तर त्यांच्याजवळ होतंच. त्यांना ऐकायचं होतं ते दुसरंच. पण खरं असेल तर. एका पोरीने चिडून टाकलेल्या वाक्यावर माणसाने आपलं आयुष्य उलटं करून बघायचं का? आधी तपासायला नको? आणि बाई तपासायला लागल्या. सवयच ती, नुसतं पटलं म्हणून त्यांनी आजवर काही मान्य केलं नव्हतं. वाक्य असं, की विचारणाऱ्या प्रत्येकाला आधीच काहीतरी वाटत असतं. हे खोटं पाडायला एक उदाहरण पुरे. एकच. त्या मनातल्या मनात माणसं उभी करू लागल्या. रस्त्यात एखादा विचारतो, ही बस स्टेशनला जाते का? त्याला आधी काय वाटत असतं? त्याला वाटत असतं की जाते, म्हणून तर ह्या बसशी येऊन विचारतो. दुसऱ्या बसला नाही विचारत. बरं, आई विचारते, आज वार कोणता? तिला खरंच माहीत नसतं. पण आईला वार माहीत असतो, तिला बोलायचं असतं. डॉक्टर विचारतात, कुठे दुखतं? तेही तिथेच हात ठेवून. बाई एकेक उदाहरण घेत होत्या आणि एकेक खाली पडत होतं. मधेच विभागप्रमुख येऊन गेले. वही उघडून नावं मोजली, "चौदाच?" म्हणाले, आणि बाईंच्या खांद्यावरून रसायनवाल्यांच्या धुराकडे हेव्याने बघत राहिले. "काही आकर्षक करायला हवं, नाही का, मॅडम? तुम्हाला काय वाटतं?" बाई म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?" विभागप्रमुखांना आपल्याला काय वाटतं ते सांगायचंच होतं. त्यांनी वीस मिनिटं सांगितलं. पडदा हवा होता, दिवे हवे होते, स्पर्श केला की बोलणारं काहीतरी हवं होतं. ते गेले तेव्हा साडेबारा होऊन गेले होते, आणि बाईंच्या यादीत विभागप्रमुखही पडले होते.

एक आई तिच्या मुलीला घेऊन आली. मुलगी लाजाळू, आई बोलकी. चार खुंट्यांची दुसरी पट्टी होती, लांबट, ती बाईंनी बुडवून मुलीच्या हातात दिली. ह्या पट्टीत साबण कधीकधी चुकतो. म्हणजे पडदा दोन तऱ्हांनी बसू शकतो, एक रस्ता लांब आणि एक आखूड, आणि पट्टी कशी उचलली त्यावर तो कुठल्यातरी एकात बसतो. लांबच्यात बसला तर तिथेच बसून राहतो. त्याला ते बरंच वाटतं. आजूबाजूला जरा सरकून बघावं तर सगळीकडे रस्ता वाढतोच, मग त्याने कुठे जावं? मुलीच्या हातात पडदा लांबच्या तऱ्हेने बसला. "हाच सगळ्यात आखूड?" तिने हळूच विचारलं. बाई बोलणार होत्या तेच. ओठ जुळले होते. आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपण मुलीच्या तोंडाकडे बघतोय आणि तिच्या तोंडावर उत्तर आहे. स्पष्ट. तिला वाटतंय की नाही, हा आखूड नाही. तिला फक्त कोणीतरी सोबत हवंय. "नाही," बाई म्हणाल्या. "मलाही नाही वाटत. फुंकर मार." मुलीने बाईंकडे पाहिलं, मग फुंकर मारली, पडदा लचकला आणि दुसऱ्याच तऱ्हेने बसला, आणि मुलगी खुदकन हसली. क्लार्कबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सांगितलंत?" त्या म्हणाल्या. "आज सूर्य कुठून उगवला?" मुलीच्या आईने वहीत नाव लिहिलं. बाईंनी ते पाहिलंही नाही.

कारण आता सगळंच एकदम अंगावर आलं होतं. मोजत बसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्यांना मिस्त्री हवे होते. नेहमीच हवे होते. पाठीला पाठ लावून चौदा वर्षं आणि पाठीमागे कोणी नाही अशी एकोणीस, दोन्हींत हवे होते, आणि त्यांनी ते कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं, कारण स्वतःलाही त्या हेच विचारत आल्या होत्या, तुला काय वाटतं, आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या गणिताकडे वळल्या होत्या. त्यांना त्यांचा खोकला हवा होता, पेन्सिल कानामागे ठेवून विसरणं हवं होतं, खिडकीतून बाहेर बघून सांगितलेल्या त्या बिनकामाच्या बातम्या हव्या होत्या. ग्रंथालयाच्या मागची गल्ली बाईंना ठाऊक होती. मंगळवारनंतर रोज त्या तिकडून घरी गेल्या होत्या, लांबचा रस्ता घेऊन, आणि का जातोय हे त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं. दोन खोल्यांना खरंच उजेड होता. खालच्या पायरीवर एक मांजर बसायचं. वरच्या खिडकीचं एक दार निसटलेलं, कोणीतरी नीट बसवायला हवं होतं. त्यांनी तेही पाहून ठेवलं होतं.

दोनला वीस कमी. "जरा टेबल बघता?" त्यांनी क्लार्कबाईंना विचारलं. "मला साबण येत नाही," क्लार्कबाई म्हणाल्या, पण वही बाजूला सारून उठल्या. "काय झालं? रंग का उतरलाय तुमचा?" "फोन करायचाय." "मग करा की. मी काय धरून ठेवलंय?" बाई गाद्यांच्या कोठीकडे निघाल्या. संगणकवाल्यांची रांग तिथपर्यंत आली होती, आणि रांगेत ती सकाळची मुलगी नव्हती. बाईंनी तिला नजरेने शोधलं, कुठेच नव्हती. कोठीच्या दाराशी रचलेल्या गाद्यांवर हात टेकून त्यांनी फोन लावला. वाजला. वाजत राहिला. पाचव्यांदा वाजल्यावर त्यांना वाटलं, ते ऑफिसात असतील, समोर कागद असेल, फोन खिशात.

"बाई?" मिस्त्री म्हणाले. "मेळाव्यातून? काय झालं? पाणी बिघडलं का?"

"पाणी ठीक आहे," बाई म्हणाल्या. "मिस्त्री, मधे बोलू नका, नाहीतर मला जमायचं नाही. तुम्ही इकडे या. सही करू नका. त्या दोन खोल्या मी बघितल्यात, चांगल्या आहेत. पण खोल्यांसाठी नको. मला तुम्ही इथे हवे आहात म्हणून या. तेव्हाही मला हेच म्हणायचं होतं. जाऊ नका म्हणायचं होतं."

पलीकडे खोकल्याचा आवाज आला. मग लांबून कोणाचं तरी हसणं, तरुण माणसांचं.

"बारालाच केली सही," मिस्त्री म्हणाले.

"दोनपर्यंत होती ना वेळ?"

"होती. पण नुसतं बाकावर बसून काय करायचं, बाई? फोन हातात धरून साडेअकरापर्यंत बसलो. मग म्हटलं, झालं." ते थांबले. "माझ्याकडची चार पोरं प्रबंध करतायत, त्यांना सांगूनही टाकलं. आत्ता इथेच आहेत सगळी. नाचतायत वेडी. आता त्यांना कसं..."

"नाही," बाई म्हणाल्या. "त्यांना नका काही सांगू."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"आज. पावणेअकराला."

"पावणेअकराला?" मिस्त्रींचा आवाज एकदम लहान झाला. "मग पावणेदोनपर्यंत काय करत होतात?"

बाईंनी गादीच्या शिवणीवरून बोट फिरवलं. खोटं सांगण्यासारखं काही सुचलं नाही. "तपासत होते," त्या म्हणाल्या.

मिस्त्री हसले. ते छोटं, नाकातलं नव्हे. मोठ्याने हसायला लागले आणि मधेच कुठेतरी ते हसणं मोडलं, आणि बाईंना फोनमधून नुसता श्वास ऐकू येत राहिला, एकोणीस वर्षं पाठीमागे नव्हता तो श्वास. ध्वनिक्षेपक पुन्हा काहीतरी सांगत होता. तीन वर्षं, बाईंच्या मनात आलं. तीन वर्षांनी त्या साठीच्या आणि मिस्त्री त्रेसष्टचे, आणि आई असेल किंवा नसेल. मोजून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण पुन्हा मोजलं.

"बाई."

"हं."

"ते पुन्हा एकदा म्हणा."

"काय?"

"मघाचं. सगळं. मला इथे नीट ऐकू नाही आलं, ही पोरं ओरडतायत." आणि मग, जरा थांबून, "आलं होतं ऐकू. तरी म्हणा."

रांगेतल्या दोन-तीन जणांचं लक्ष इकडे गेलं होतं. क्लार्कबाई टेबलावरून हातवारे करत होत्या, गर्दी झाली होती, कोणीतरी बादली कलंडवली होती. बाईंनी त्यांच्याकडे पाठ केली, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला, आणि पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता, मिस्त्रींना नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने पुन्हा सांगायला सुरुवात केली.